हिरवी तार

बाबांच्या उजव्या तळहातावर भाजल्याचा डाग होता आणि ते म्हणत होते, तवा लागला. आमच्या घरात बाबांनी कधी तव्याला हात लावल्याचं मला आठवत नाही. भाकरी ताटात पडली नाही तर उपाशी निजणारा माणूस. तो चुलीपाशी कशाला जाईल?

मी मायला विचारलं. ती चुलीतली राख ओढत होती.

"मले काय माहीत, पोरा. कामावरून आले तव्हाच होता डाग. मले म्हणे, त्याले सांगू नको."

"मले सांगू नको म्हणाले?"

"हाव. आता तूच विचारून राहिला म्हणून बोलली. नाही त मी कायले बोलते?"

कामावरून म्हणजे जिथं मी सुपरवायझर होतो त्याच कामावरून. माझ्या डोळ्यांसमोर दिवसभर वावरणारा माझा बाप हात भाजून घेतो आणि टोळीतला एकही गडी मला सांगत नाही, हे मला खटकलं. त्या दिवसापासून मी सगळ्यांकडे जरा डोळे बारीक करून बघू लागलो.

हे सत्तरच्या दशकातलं. आम्ही तांडापेठेतले कोष्टी. घरात खड्ड्याचा माग होता, म्हणजे जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या आणि हातांनी धोटा फेकायचा. बाबांचं अर्धं आयुष्य त्या खड्ड्यात गेलं. मग सूत मिळेना, मिळालं तर लुगडं खपेना, आणि बाबा फरशी घासणाऱ्या टोळीत गेले. ते म्हणत, हेही विणणंच आहे, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जायचं आणि परत यायचं. मी मात्र बी.एस्सी. झालो. आमच्या गल्लीत मॅट्रिकच्या पुढे गेलेला पहिला मीच, आणि ही गोष्ट सांगताना मी आजही आवाज खाली करत नाही. बाप टोळीत होता म्हणून पोराला चिकटवून घेतलं, असं बोलणारे होते. खरं असं की मी कोणाचा मुलगा हे ठेकेदाराला नोकरी दिल्यानंतर कळलं, आणि कळल्यावर तो खूश झाला नाही.

हुडकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्याला तेव्हा बहुतेक शेतंच होती. तिथं एक मंगल कार्यालय बांधणं चाललं होतं. मोठा हॉल, खाली मोझॅक. तुळशीच्या लग्नानंतर तिथं लग्नं लागायची होती, म्हणून घाई होती. मोझॅक घासायची मशीन विजेवर चालते. वर मोटर, खाली फिरणारे घासणीचे दगड, मागे हातगाडीसारखा दांडा. दगड तापू नयेत म्हणून फरशीवर सतत पाणी सोडायचं. दगडाची पूड आणि पाणी मिळून राखाडी चिखल होतो आणि माणूस घोट्यापर्यंत त्यात उभा असतो. त्यात पावसाचे दिवस. खिडक्यांना अजून दारं नव्हती. भिंतींना ओल होती, सिमेंटच्या थैल्या ओलसर झाल्या होत्या, आणि मशीनची वायर चिखलातून सापासारखी पडलेली असायची. मी ती विटांवर उचलून ठेवायचो. पाठ फिरवली की ती परत खाली.

बाबा आणि त्यांचे सोबती मशीनला हात लावण्याआधी चपला भिंतीशी काढत, मशीनला नमस्कार करत आणि अनवाणी उभे राहत. ठेकेदारानं एकदा रबरी बूट आणून दिले होते. ते कोपऱ्यात पडून होते आणि त्यात पाली झाल्या होत्या. मागावर कोणी चपला घालून बसत नाही. ज्याच्यावर पोट चालतं त्याला चपलेचा पाय लावायचा नाही. हे आमच्यात कोणी शिकवत नाही, ते असतंच.

डागाचं कळल्यावर दुसऱ्या दिवशी मी टोळीतल्या एका म्हाताऱ्या गड्याला गाठलं.

"मशीन झणका मारते काय?"

"मारते कधी कधी. गुदगुल्या केल्यासारखी."

"कव्हापासून?"

"आता ते कोण लक्षात ठेवते, साहेब? माह्या गुडघ्याचं दुखणं गेलं तिच्यानं. तुमीबी लावून पाहा हात, चष्मा सुटन."

बाकीचे हसले. बाबा हसले नाहीत. ते कामावर मला साहेबच म्हणत, आणि त्यात थट्टा किती आणि मान किती, हे मला कधी कळलं नाही. ते म्हणाले, "साहेबाले दुसरं काम नाही काय गा? बोलत कायले बसले त्याच्यासंग? पाणी सोडा."

माझ्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर असायचा. लोकांना वाटे, मिरवायला. मशीन चालू असताना मी टेस्टरचं टोक मोटरच्या लोखंडी अंगाला लावलं. आतला छोटा दिवा लागला. म्हणजे वीज मोटरच्या आत राहायला हवी ती बाहेरच्या लोखंडात उतरली होती. दांड्याच्या टोकांना सायकलच्या रबरी मुठी बसवलेल्या होत्या म्हणूनच आजवर निभावलं होतं. उजवी मूठ फाटली होती. तिच्यावर बाबांनी जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होती आणि ती चिंधी चिखलानं ओली चिप्प होती. तळहाताचा डाग नेमका त्या जागेचा.

मी मशीन बंद करायला लावली आणि भिंतीवरच्या बोर्डातून प्लग काढून उघडला. वायरमध्ये तीन तारा असतात. लाल आणि काळी मशीन चालवतात. हिरवी काही चालवत नाही. ती मशीनच्या अंगापासून निघते आणि बाहेर मीठ-कोळसा घालून जमिनीत पुरलेल्या पाइपापर्यंत जाते. लोखंडात वीज उतरली तर तिनं माणसातून न जाता त्या तारेतून जावं आणि जाताजाता फ्यूज उडवून मशीन बंद पाडावी, एवढंच तिचं काम. प्लगमध्ये लाल होती, काळी होती. हिरवी पेचातून काढून मागे दुमडून ठेवली होती. तुटलेली नव्हती. टोक नीट पिळलेलं होतं, जपून ठेवावं तसं.

हे कोणीतरी मुद्दाम केलं होतं.

मी ती तार जागेवर बसवली, पेच आवळला आणि बटण दाबलं. फाटकन फ्यूज गेला. टोळीनं एकमेकांकडे पाहिलं.

"साहेबानं हात लावला का मशीन रुसते," म्हातारा गडी म्हणाला.

वायरमनला निरोप गेला. हा माणूस मला पहिल्यापासून पटत नव्हता. सायकलवर यायचा, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलायचा, घरातसुद्धा काळा चष्मा काढायचा नाही. आणि स्वतः मात्र जाड रबरी तळाचे बूट घालूनच ओल्यात पाय टाकायचा. तो आला तेव्हा मी ठेकेदाराकडे गेलो होतो. परत आलो तर नवा फ्यूज बसलेला, मशीन घरघरत होती, वायरमन निघून गेला होता. मी प्लग उघडला. हिरवी तार पुन्हा मागे दुमडलेली.

आता मला शंका राहिली नाही. मशीनचा दोष काढायचा म्हणजे मोटर उघडावी लागणार, त्यापेक्षा तार काढली की काम झालं, असा त्याचा हिशेब असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला फाटकातच अडवलं.

"हिरवी तार तुम्ही काढली काय?"

"मैंने? साहब, मैं तो फ्यूज डालके चला गया."

"मग मशीन चालली कशी? तार लावलेली असती तर फ्यूज पुन्हा गेला असता."

त्यानं एक पाय जमिनीवर आणि एक पायडलवर ठेवून माझ्याकडे पाहिलं. निदान त्या काळ्या काचा माझ्याकडे होत्या. "तुम्ही शिकलेले लोक. तुम्हीच सांगा कशी चालली."

एखाद्याला खरंच माहीत नसतं तेव्हा तो असं बोलत नाही. त्याला काहीतरी माहीत होतं.

मी मोटर उघडायला सांगितली तर तो म्हणाला, ठेकेदाराला विचारा. ठेकेदाराला विचारलं तर तो म्हणाला, "मशीन चालते ना? मग तुझं कॉलेज इथं कायले आणतो? दिवाळीच्या आत हॉल पाहिजे मले."

"कोणीतरी मुद्दाम तार काढून राहिलं, शेठ."

"कोण ते दाखव. पुरावा आण. जो असन त्याले त्याच दिवशी हाकलतो. मंग तो कोणीबी असो."

शेवटचं वाक्य तो माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला. मला वाटलं, याचाही काही डाव आहे काय?

संशयाची एक गंमत असते. एकदा तो बसला की सगळं त्याच्याच बाजूनं दिसू लागतं. टोळी मला पाहून गप्प व्हायची, तर वाटायचं वायरमननं त्यांना फितवलं. बाबा माझ्याशी घरीही कमी बोलू लागले, तर वाटायचं त्यांना कोणीतरी धमकावलं. बाबांना वाटायचं ठेकेदारानं मला टोळीवर नजर ठेवायला लावलंय. हे मायनं नंतर सांगितलं. एका घरात, एका चुलीवरचं खाऊन, आम्ही एकमेकांवर पहारा करत होतो. आणि रोज सकाळी बाबा अनवाणी पायांनी त्या चिखलात उभे राहत होते. मी तार लावायचो, फ्यूज जायचा, आणि माझी पाठ वळली की तार पुन्हा निघालेली असायची. मशीन घरघरत असेपर्यंत मी कुठंही असलो तरी कान तिकडेच. आवाज थांबला की मी धावायचो आणि बाबा चहा पीत बसलेले असायचे.

"काय झालं, साहेब? विंचू चावला काय?" म्हातारा गडी विचारायचा.

मी हिरवी तार पुन्हा लावली आणि या वेळी पेचावर लाखेचा थेंब सोडला. उघडला तर फुटलाच पाहिजे. मशीन चालू करायचं बटण मी दाबलं नाही, कारण फ्यूज जाणार हे मला माहीत होतं. जेवणाची वेळ झाली होती. वायरमन दुपारी येणार असा निरोप होता. टोळी बाहेर निंबाखाली डबे सोडून बसली. मी घरी जेवायला जातो म्हणून सायकल काढली, वळणापर्यंत गेलो, सायकल शेताच्या बांधाला टेकवली आणि मागच्या बाजूनं परत येऊन टाइल्सच्या थप्पीमागे बसलो. पदवी घेतलेला माणूस टाइल्सच्या थप्पीमागे उकिडवा बसलेला कसा दिसतो, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

पावलं वाजली. अनवाणी, ओल्या फरशीवर चिपचिप वाजणारी. वायरमन कधी अनवाणी येत नाही.

बाबा आले. त्यांनी आधी मशीनला नमस्कार केला. मग बोर्डातून प्लग काढला, बंडीच्या खिशातून मागावरची लहान सुरी काढली, लाख तिरक्या टोकानं उडवली, पेच सैल केला आणि हिरवी तार अशी अलगद ओढून घेतली की जणू ताण्यातला धागा. टोक बोटांनी पिळलं, मागे दुमडलं. हे सगळं इतकं सफाईनं झालं की क्षणभर मी बघतच राहिलो. मग मी थप्पीमागून उठलो.

"बाबा."

ते दचकले नाहीत. सुरी पुसत म्हणाले, "घरी गेलता नं तू?"

"तुम्ही काढून राहिले काय रोज?"

"मंग कोण? तो वायरमन? त्याले कायची पडली?"

"काहून पण?"

ते मशीनच्या बाजूला बसले. "हे पाह्य, लेका. तीन तारा हायेत. दोनवर मशीन चालते. तिसरी नुसती बसून खाते. ते परवडलं असतं, पण ती लावली का फ्यूज जाते. मागावर जो धागा घडीघडी तुटते, त्याचं आपण काय करतो? काढून टाकतो. एका धाग्यावाचून लुगडं अडते काय? पाहणाऱ्याले समजतबी नाही."

माणूस मूर्ख असता तर सोपं होतं. बाबांचं म्हणणं त्यांच्या जन्मभराच्या कामातून आलं होतं आणि तिथं ते बरोबरच होतं. फक्त ही मशीन माग नव्हती.

"आणि तू तार लावली का मशीन बंद पडते," ते खाली बघत म्हणाले. "टोळी तुह्यावर हासते. मले ते पाहवत नाही."

हे त्यांनी खरं सांगितलं की मला गप्प करायला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी स्टोअरमधून एक बल्ब आणला, होल्डरला दोन लांब तारा लावलेला. हिरवी तार काढलेलीच होती. मी प्लग तसाच बोर्डात खुपसला आणि मशीन चालू केली. बल्बची एक तार बाहेरच्या पुरलेल्या पाइपाला बांधली. दुसरीचं टोक, इन्शुलेशन धरून, मोटरच्या लोखंडाला टेकवलं. बल्ब लागला. मिणमिणता नाही, चांगला लख्ख लागला. दुपारच्या त्या ढगाळ उजेडात भिंतीवर आमच्या सावल्या पडल्या.

"हा बल्ब कुठं जोडला, पाहा. एक टोक मशीनले, एक जमिनीले. बटणाशी त्याचा काही संबंध नाही. तरी जळून राहिला."

बाबा बघत होते.

"आता बल्बाच्या जागी कोण उभं राहते रोज?"

त्यांनी उजवा तळहात उलटा करून पाहिला. मग म्हणाले, "मंग तवाच होय नं हा. मी काही खोटं नाही बोललो."

मी मशीन बंद केली. मला हसू आलं नाही.

"ती तिसरी तार तुटून नाही राहिली, बाबा. ती तोडून राहिली. वीज तुमच्या अंगात जायच्या आधी तोडून राहिली. मोटरमध्ये पाणी शिरलं आहे, ते ती घडीघडी सांगते, आणि तुम्ही तिचंच तोंड बंद केलं."

"हे कॉलेजात शिकवलं, का ठेकेदारानं पढवलं?"

"ठेकेदाराले मशीन चालू पाहिजे. तो कायले पढवन?"

हे मात्र त्यांना पटलं. ठेकेदाराला जे नको ते खरं असणार, एवढा हिशेब त्यांच्याकडे होता. ते उठले, निंबाखाली गेले आणि टोळीला म्हणाले, मशीन दुरुस्त होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. माझं कोणी ऐकलं नव्हतं. त्यांचं ऐकलं.

वायरमन आला तेव्हा मशीन बंद होती आणि टोळी बसून होती. त्यानं मला बाजूला घेतलं. "देख लिया साहब?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहले दिन से. तुम्हारे बाप का नाम लेता, तो तुम मेरे को ही झूठा बोलते."

बोलणं खोटं नव्हतं. पण त्यानं मोटर तरी उघडायची होती. माणूस चिखलात उभा आहे, लोखंडात वीज आहे, हे कळूनही जो फ्यूज घालून सायकलवर बसून निघून जातो, त्याच्यावरचा माझा संशय मी मागे घेतला नाही. नुसतं कारण बदललं.

ठेकेदार संध्याकाळी आला. मशीन बंद पाहून भडकला. "कोण काढत होता तार? सापडला?"

टोळी माझ्याकडे बघत होती. बाबा कोपऱ्यात खाली बघत नव्हते, सरळ माझ्याकडे बघत होते. नाव घेतो की नाही, हे त्यांनाही बघायचं होतं.

"कोणी नाही, शेठ. पेच झिजला होता. मशीनच्या थरथरीनं तार सुटत होती. मोटरमध्ये पाणी आहे. ती उघडल्याशिवाय मी मशीन चालू करू देणार नाही."

मी खोटं बोललो आणि त्याचं मला काही वाटत नाही. ठेकेदारानं माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग वायरमनकडे. वायरमननं चष्मा काढून पुसला. त्याचे डोळे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. तो म्हणाला, "बराबर है शेठ. पेच घिसा हुआ था." आता हे त्यानं का सांगितलं, याचाही मी पुष्कळ विचार केला आहे.

मोटर हातगाडीवरून इतवारीतल्या वाइंडिंगवाल्याकडे गेली. आतून उघडली तेव्हा जोडण्यांच्या डबीत राखाडी चिखल भरलेला होता. नवी वाइंडिंग, डबीला नवं रबर, दांड्याला नव्या मुठी. हिरवी तार लावून बटण दाबलं तेव्हा फ्यूज गेला नाही. टोळीतला म्हातारा म्हणाला, आता त्याचा गुडघा पुन्हा दुखणार.

राहिले बूट. त्यावर बाबा हटून बसले. मी सांगून पाहिलं, मायनं सांगून पाहिलं. "लक्ष्मीवर बूट घालून उभा राहू काय?" एवढंच उत्तर. शेवटी मी नवे बूट आणले, कोरे, कागदात गुंडाळलेले, आणि हॉलच्या आतच उघडले.

"यांनी रस्ता पाहिला नाही," मी म्हणालो. "आणि पाहणारही नाहीत. इथंच घालायचे, इथंच काढायचे."

बाबांनी बूट हातात घेतले, उलटे करून तळ पाहिले, वास घेतला, कुठं चामडं तर लावलेलं नाही हे नखानं खरवडून पाहिलं. मग फडक्यानं पुसले आणि म्हणाले, "मंग हे जोडे नाही होत. हे मशीनचंच सामान होय." आणि पाय घातले. त्यानंतर रोज काम सुटल्यावर ते बूट धुऊन मशीनशेजारी उभे ठेवलेले असत, आणि दसऱ्याला मशीनबरोबर त्यांनाही हळदकुंकू लागलं.

मला मात्र चैन नव्हतं. माणसाचा हात एकदा एका सवयीला लागला की डोक्याला पटलं तरी हाताला पटत नाही, हे मी मागावर पाहिलेलं होतं. म्हणून मी रोज सकाळी टोळीच्या आधी येऊन प्लग उघडून पाहायचो. बाबांना सांगितलं नव्हतं. त्यांना ते माहीत असणार, याचीही मला खात्री होती.

हॉल संपत आला होता तेव्हाची गोष्ट. सकाळी प्लग उघडला तर हिरव्या तारेला आणखी काहीतरी लागलेलं दिसलं. पेच घट्ट आवळलेला होता, आणि तार ओढली तरी सुटू नये म्हणून तिला वरून पांढऱ्या सुताची गाठ मारून प्लगच्या खाचेशी बांधली होती. तुटका धागा जोडताना मागावर मारतात ती गाठ. बारीक, सपाट, बोटाला लागतसुद्धा नाही. ती आमच्या टोळीत एकाच माणसाला इतकी बारीक येत होती.

मी प्लग बंद केला. मशीन चालू केली आणि मोटरच्या अंगाला टेस्टर लावला.

दिवा लागला नाही. मी टेस्टर थोडा सरकवून दुसऱ्या जागी लावून पाहिला. मागे चिपचिप पावलं आली आणि मशीनशेजारी थांबली. बूट घातल्याचा आवाज झाला.

"झालं काय पाहून, साहेब?" बाबा म्हणाले. "सरका मंग."